एकोणसाठ भागिले बारा

धान संशोधन केंद्रातल्या संगणकांवरचा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा जुना अवतार गेला, नवा आला. जुन्या चाचण्यांचे आकडे तृप्तीने नव्यात चालवून पाहिले आणि एका ओळीवर तिचा हात थबकला.

आसगावच्या निर्मलाबाईंचा वाण. बारा वाफे, एकोणसाठ किलो. जुन्याने वाफ्यामागची सरासरी चार काढली होती. नवा चार पूर्णांक नऊ म्हणत होता. भागाकारात दशांशापुढचं छाटून टाकायची खोड जुन्याला होती, आणि प्रोग्रॅम लिहिताना तृप्तीच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. पास व्हायला साडेचार पुरे होते.

आठ वर्षांपूर्वी ‘नापास’चा निरोप घेऊन तीच आसगावला गेली होती. निर्मलाबाई रागावल्या तर नाहीतच, उलट जेवल्याशिवाय त्यांनी तिला सोडलं नव्हतं. त्या भाताचा घमघमाट तिला अजून आठवत होता.

नापास वाणाचं बियाणं केंद्र ठेवत नसे. तृप्तीने मिळाली ती एसटी धरली. निर्मलाबाई अंगणात धान पाखडत होत्या.

“मावशी, चूक माझीच होती. तुमचा वाण पास आहे. मूठभर बियाणं द्या, मी पुन्हा लावते.”

निर्मलाबाईंनी सूप खाली ठेवलं.

“तो तं आमच्याच घरी उरला होता, बाई. तुमी म्हनलं कामाचा नाही, मंग ठेवू कायले? होता तेवढा कांडला...



अन् त्या दिवशी तुमालेच तं वाढला.”