कस्तुरी टॉकीजमधलं निळं गाढव

"आज तरी तिकीट काढलं ना?" इंद्रभानशेठनं टॉकीजच्या दारातच विचारलं आणि रांगेतल्या लोकांकडं बघून हसला.

राजपालनं तिकीट पुढं केलं. ज्यानं काल स्वतः फोन करून बोलावलं, तोच आज असं विचारत होता.

"याद आहे मले," शेठ आणखी मोठ्यानं म्हणाला. "तांड्यावरचं पोट्टं तू. कार्टूनच्या टायमाले कॉलर धरून बाहेर काढलं होतं तुले. आता मोठा रिव्ह्यूवाला झाला म्हणते!"

रांग हसली. राजपालही हसला.

तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि तिकीट त्याच्या मुठीतच होतं. शेठनं मूठ उघडून बघायचे कष्ट घेतले नाहीत. भरल्या टॉकीजमधून ओढत नेऊन पायरीवर टाकलं. राजपाल पुढं बरंच काही विसरला, ती पायरी नाही विसरला. आता रिसोडपासून वाशीमपर्यंत लोक त्याचा व्हिडिओ बघून तिकीट काढायचे. चांगल्याला चांगलं, भंगाराला भंगार. कुणाचा चहासुद्धा घ्यायचा नाही. 'राजपाल खोटं बोलत नाई' एवढीच त्याची इस्टेट, पण पक्की.

आणि आज तेच निळ्या गाढवाचं कार्टून, खरी माणसं आणि खरं गाढव घेऊन नव्यानं काढलेलं, त्याच कस्तुरी टॉकीजला लागलं होतं. अशी संधी कुणी सोडतं का?

सायकल स्टँडवर दोन माणसं टेप लावून जागा मोजत होती. पार्किंग वाढवतोय वाटतं, राजपालच्या मनात आलं.

मशीनरूमच्या जिन्याशी रामकिसनकाका उभे होते. शेठचे थोरले भाऊ. त्या दिवशी पायरीवर रडणाऱ्या पोराला यांनीच मागच्या जिन्यानं वर नेलं होतं, मशीनशेजारी खोक्यावर बसवून सिनेमाचा शेवट दाखवला होता. राजपाल पाया पडला.

"काका, अजून वरतेच बसता तुमी?"

"मंग कुठी जाऊ बाप्पा? कार्टून दोन महिने चाललं होतं. हेबी चाललं पायजे रे. या सुट्टीत पोट्टे आले तर आले, नाई तर..."

घंटा वाजली. काका गुडघे धरत वर गेले.

शेठनं राजपालला हाताला धरून आत नेलं आणि नेमक्या मोडक्या खुर्चीत बसवलं. स्प्रिंग वर आलेली. डोक्यावरचा पंखा बंद.

"इथंच बस. सोफे पाव्हण्यायसाठी हायत."

पहिला अर्धा तास राजपाल मनात टोमणे जमवत होता. कार्टूनमधलं गाढव पापण्या मिचकवायचं, गाणी म्हणायचं, नाचायचं. हे खरं गाढव नुसतं बघत उभं राहायचं. निळा रंगसुद्धा पाठीवरच फासलेला. पण शेवटी ते म्हातारं होऊन लंगडत गावात परत आलं. ज्या मुलीला पाठीवरून शाळेत न्यायचं, तिच्या ओंजळीत त्यानं नाक घातलं आणि तसंच उभं राहिलं. टॉकीजमध्ये कुणाचं मूल हुंदका देऊन रडलं. राजपालनं बाहीनं डोळे पुसले. कार्टूनला जे नाचून जमलं नव्हतं, ते या जनावरानं नुसतं उभं राहून केलं होतं.

बाहेर पडताना वाटलं, जाऊ दे. सिनेमा चांगला आहे तर चांगला म्हणून टाकू.

दारात शेठ उभाच होता.

"रडला काय रे? सांग मंग व्हिडिओत, जे सांगाचं ते! तुह्यासारख्यानं माह्या टॉकीजचं काय वाकडं होते?"

घरी त्यानं बायकोच्या, वैजयंतीच्या हातात मोबाईल दिला आणि सुरू झाला. "सांगतो तुमाले, गाढव निळं नाई, पिक्चरमंधी जीव नाई. झोप येते, पण खुर्चीची स्प्रिंग झोपूबी देत नाई. पोट्ट्यायले कार्टूनच दाखवा, घरी बसून. कस्तुरीत पाय ठेवू नका!"

वैजयंतीनं मोबाईल खाली घेतला. "तुमी तर डोळे पुसत आलते. हे खोटं हाय."

"खुर्ची खरंच मोडकी होती."

"मी खुर्चीचं नाई म्हणून राह्यली."

व्हिडिओ वाऱ्यासारखा गेला. जीपवाले त्याचे टोमणे पाठ म्हणू लागले. रविवारी राजपाल मुद्दाम कस्तुरीसमोरच्या टपरीवर जाऊन बसला. तिकीट खिडकीशी एक कुत्रं तेवढं झोपलं होतं. इतका गोड चहा तो जन्मात प्यायला नव्हता.

बुधवारी इंद्रभानशेठ त्याच्या दारात आला. आता हा हात जोडणार, म्हणून राजपाल ऐसपैस बसून राहिला. शेठनं पिशवीतून पेढ्यांचा डबा काढला आणि एक पेढा त्याच्या हातावर ठेवला.

"रामकिसनदादा अडून बसले होते रे," शेठ म्हणाला. "टॉकीजच्या जागेचा सौदा त्यायच्या एका सहीसाठी अटकला होता. म्हणत, हा पिक्चर चालला नाई, तर देतो सही. म्हणून तर तुले फोन केला."

राजपाल सावरून बसला.

"पंखा म्याच बंद केला होता. मोडकी खुर्ची तर माळ्यावरून काढून आणली." शेठ खुशीत हसला. "जरा डिवचलं, तेबी त्याच्यासाठीच. मनावर घेजो नोको."

"काका... काका काय म्हणाले?"

"काय म्हणतीन? तुहा व्हिडिओ दोनदा पाह्यला. वहिनी म्हणे, पोरगं खार खाऊन बोललं असन. तर तिच्यावरच डाफरले." शेठनं चपला पायात सरकवल्या. "अन् सही करता करता म्हणे, राजपाल खोटं बोलत नाई."