केसाएवढी काच

वाटूरच्या वंदनाबाईंच्या घरचं इंटरनेट जोडणं हे भागवतचं त्या दिवसातलं सहावं काम. तारेचं साल काढून झालं, आतली केसाएवढी काच पुसून बरोबर मापात कापून झाली. पण ती कनेक्टरच्या भोकात काही केल्या जाईना. दोनदा मोडली. पंधरा वर्षं याच कामात असलेल्या भागवतला हल्ली ती काच धड दिसतच नव्हती. हे त्यानं ऑफिसात सोडाच, घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

शिलाई मशीनवर बसलेल्या वंदनाबाई मघापासून बघत होत्या. त्या उठून त्याच्यासमोर येऊन बसल्या.

"आणा इकडं. कुठवर सरकवायची?"

भागवतनं ओशाळून कनेक्टर पुढं केला. "हळू, ताई. काचेला जरासा बाक आला की थांबा."

पहिल्याच खेपेला काच आत गेली. त्यानं खटका दाबला. राऊटरवरचा लाल दिवा जाऊन हिरवा लागला. भागवत तिथंच भिंतीला टेकून बसला.

तेवढ्यात ऑफिसातून वंदनाबाईंना फोन आला. काम नीट झालं का, म्हणून विचारत होते.

"बिलकुल," त्या म्हणाल्या. "लई सफाईदार हात हाय त्यांचा."

फोन ठेवून त्या पुन्हा मशीनवर जाऊन बसल्या. भागवत हत्यारं पिशवीत भरू लागला, तेव्हा त्याच्याकडं न बघताच म्हणाल्या, "डोळे दाखवून घ्या, भाऊ. आज मी खोटं बोलले. पुढच्या घरचे बोलतीलच असं न्हाई."