दुधीच्या भाजीची टेस्ट

रविवारी दुपारी जोगेश्वरीच्या मित्राकडे 'बसून' झाल्यावर सुयोग रिक्षात नितेशला समजावत होता, "नाक्यावर पोलीस मशीनमध्ये फुंकायला लावतात, हॉस्पिटलात रक्त काढतात. ते सगळं परवडलं रे! आमची मानसी दुधीची भाजी वाढते."

नितेशला काही कळेना.

"अरे, न पिता गेलो की पहिल्याच घासाला मी तोंड वाकडं करतो. म्हणतो, आईच्या हातची चव नाही. पण पोटात दोन पेग असले की तीच भाजी बोटं चाटत तीनदा मागून घेतो. मग तोंडात वेलची असो नाहीतर पान, ती बरोब्बर पकडते. ह्या वेळी सापडलो तर आपली अलिबागची ट्रिप रद्द, असं बजावलंय तिने."

"मग वाट लागली ना आज!"

"हट्! आज डायलॉग पाठ करून चाललोय."

चारकोपला घरी पोचून सुयोग पाटावर नीट बसला. ताटात दुधीची भाजी आलीच. पहिलाच घास असा काही झकास लागला, की त्याचे डोळे मिटले. तरी त्याने मन घट्ट केलं, ताट पुढे सरकवलं आणि ठणकावून सांगितलं, "ह्या भाजीला आईच्या हातची चव नाही!"

मानसीने शांतपणे स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली.



"आई, गावाहून आल्या आल्या भाजीला लागलात ना? आता जरा बाहेर या. तुमचा लेक पिऊन आलाय."