कलती मान

थप्पी कोसळून पाऊण तास झाला होता आणि धाकटा अजून पोत्यांखाली होता. जिवंत होता. कमरेच्या स्टीलच्या बाटलीवर तो हातातली पोती ओढायची आकडी आपटत होता. टक, टक. मध्येच थांबायचा, मग पुन्हा टक.

मुकादमाने गोदामाचे पंखे बंद करवले, बाहेरच्या ट्रकचं इंजिन बंद करवलं आणि सगळ्यांना तोंडं मिटायला सांगितलं. मग सगळे पुन्हा मांजराकडे बघू लागले.

मांजर म्हणजे धाकट्याचा थोरला भाऊ, गोदामाचा राखणदार. कोणत्या थप्पीत, कितव्या थरात उंदीर पोतं कुरतडतोय हे तो दारात उभं राहून सांगायचा, म्हणून हे नाव. गेल्या वर्षी पोती वाहणाऱ्या पट्ट्यात सापडून त्याचा उजवा कान बाहेरून साफ गेला, भोक तेवढं उरलं. ऐकण्याला काही झालेलं नाही, बाहेरचा कान नुसता शोभेचा, असं डॉक्टर म्हणाले. मालकानेही ते मानलं आणि नोकरी राहिली.

मघाशी त्यानेच सांगितलं होतं, डावीकडे, खांबाजवळ, वरच्या थरात. त्याच्या शब्दावर बारा हमाल ढिगावर चढले आणि वरची पोती उचलून तिथेच खाली टाकू लागले. साठेक पोती निघाली. धाकटा काही दिसला नाही.

"भाऊजी, नीट ऐका ना," धाकट्याची बायको म्हणाली. ती फाटकी पोती शिवायची. दाभण अजून तिच्या हातातच होता.

तो नीटच ऐकत होता. अडचण तीच तर होती. आवाज डोक्यात लख्ख शिरत होता, पण वरून की खालून ते सांगत नव्हता. कानाबरोबर ती समजही गेली होती. पहिल्याच आठवड्यात पायाशी कुरतडणारा उंदीर त्याने छताजवळ शोधला, तेव्हाच त्याला हे उमगलं. मग त्याने एक युक्ती काढली. मान खांद्यावर टाकायची, एक कान छताकडे, एक जमिनीकडे. खालचा आवाज खालच्या कानात आधी पोचतो. उंदीर सापडायचे. पण हे सगळं गोदाम रिकामं असताना. झाकली मूठ सव्वा लाखाची. वर्षभरात त्याने चारचौघांत एकदाही मान कलती केली नव्हती. आजही नाही. सख्खा भाऊ गाडला गेला आणि हा ताठ उभा राहून अंदाजाने वर बोट दाखवून मोकळा झाला.

दोन टकटकींमधलं अंतर आता लांबत चाललं होतं. अजून वर बघायचं का, मुकादमाने हळूच विचारलं.

"मला कळत नाही," मांजर म्हणाला. "ऐकू येतं. वर की खाली ते कळत नाही. वर्ष झालं, कळत नाही."

भावजयीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तिच्या नवऱ्याच्या जागी आपण गाडलो गेलो असतो तर बरं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटलं.

तो गुडघ्यांवर बसला आणि सगळ्यांदेखत त्याने मान उजव्या खांद्यावर टाकली. अंग इतकं थरथरत होतं की मान ठरेना. तेव्हा भावजय दाभण टाकून पुढे झाली आणि तिने दोन्ही हातांनी त्याचं डोकं तसंच धरून ठेवलं.

"एकदा वाजवा हो," ती ढिगाकडे बघत म्हणाली. "एकदाच."

सगळ्यांनी श्वास रोखले. बराच वेळ काहीच आलं नाही. मग आलं. टक.

"खाली," मांजर म्हणाला. "खांबाजवळच. पण अगदी जमिनीशी."

त्याचं बोट गेलं तिथे मघाची साठ पोती पडली होती, त्याच्या शब्दावर टाकलेली, एकावर एक.

भावजयीने त्याचं डोकं सोडलं आणि पहिल्या पोत्याला हात घातला. पाठोपाठ हमाल धावले. मांजराची मान मात्र तशीच खांद्यावर राहिली. तो पुढच्या आवाजाची वाट बघत होता.