आलंच, साहेब

"अजून किती?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

"आलंच, साहेब. पुढच्या वळणावर," बाई म्हणाली आणि मागे न बघता चढत राहिली.

मागच्या वळणावरही तिने हेच सांगितलं होतं. चढ असा उभा, की पुढच्या माणसाच्या टाचा आपल्या नाकासमोर. साहेबांच्या तोंडाला फेस आला होता. सगळी नोकरी खिडकीमागे, पंख्याखाली गेलेली; सगळ्यात मोठा चढ म्हणजे कचेरीचा जिना.

पण बसून चालणार नव्हतं. माथ्याजवळच्या तळावर त्यांची मुलगी तंबू ठोकून होती. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. फोन उचलला नाही, नातीचं तोंड पाहिलं नाही. आता ती नवऱ्याला आणि लेकीला घेऊन कायमची परदेशी निघाली होती. आईला घरी भेटून गेली. बापाला मात्र निरोप ठेवला. आज मुक्काम डोंगरावर, केशरी तंबूत. उजाडलं की पलीकडच्या अंगाने उतरून थेट विमानतळ. बाबांनी एकदा तरी माझ्यासाठी चढून यावं.

लेकही बापाचीच होती. साहेबांनी मुकाट्याने नातीसाठी लोकरीची टोपी घेतली आणि निघाले.

पायथ्याशी एक बंद पडलेली पत्र्याची शेड होती. वाऱ्याने तिचा पत्रा फडफडत होता. तिथे गाडी लावून त्यांनी हाक दिली, "वाट दाखवायला कोणी आहे का?" शेडमागून एक बाई येता येता थबकली. मग खिशातून हातमोजे काढून तिने हातांत चढवले.

"ऐन उन्हात?"

"खडकाने हात सोलवटतात, साहेब."

साहेबांच्या मुक्कामाच्या तंबूचं ओझं पाठीवर घेऊन ती पुढे झाली होती. चढाचा विसर पडावा म्हणून साहेब बोलत राहिले. निवृत्त झाले होते, पण सुंभ जळला तरी पीळ थोडाच जातो!

"माझ्या खिडकीशी उलट बोलायची कोणाची टाप नव्हती. बोलला की त्याचा कागद तळाशी. घाल हेलपाटे!"

"एवढे लोक दुखावलेत. कुठे भेटत नाहीत?"

"भेटेनात का! मी कुठे ओळखतोय? मी मान वरच करायचो नाही. तोंड पाहिलं की दया येते. मला दिसायचे ते फक्त हात, कागद सरकवणारे." ते धापा टाकत हसले. "एक बाई होती, करंगळी वाकडी. नवऱ्याच्या ऑपरेशनच्या कागदावर शिक्का हवा होता. म्हणते कशी, 'साहेब, एकदा मान वर करून तरी बघा.' भर कचेरीत! म्हटलं, थांब, तुझी जिरवतो. रोज यायची, रोज सांगायचो, उद्या या. चपला झिजवल्या तिने. मग यायचीच बंद झाली."

"का?"

"जिरली असेल."

पुढे वाट फुटत होती. उजवीकडची सरळ वर जात होती, डावीकडची झाडीत शिरत होती. बाई थांबली.

"समजा, ती आज भेटली. काय म्हणाल तिला?"

"म्हणेन, आली का अक्कल ठिकाणावर?"

"बरं," बाई म्हणाली. "डावीकडून चला. जपून, या बाजूला कडा आहे."

थोड्या वेळाने वाट उतरू लागली.

"आपल्याला वर जायचंय ना?"

"वर जायला आधी उतरावं लागतं, साहेब. डोंगर आहे, जिना नव्हे."

मग चढ. मग परत उतार. दुपारनंतर धुकं आलं आणि चार पावलांपुढचं दिसेना. वीज पडून उभं फाटलेलं एक झाड लागलं. तसंच झाड सकाळीही लागलं होतं. "अशी इथे पुष्कळ आहेत," बाई म्हणाली.

कड्यालगत साहेबांचा पाय घसरला. बाईने त्यांचं मनगट धरलं. खाली नुसतं पांढरं होतं. क्षणभर ती तशीच उभी राहिली. मग तिने हिसक्याने त्यांना वर ओढलं.

"उपकार झाले तुमचे," ते कसेबसे म्हणाले.

"तुम्हाला धडधाकट पोचवणार आहे मी."

साहेब पुन्हा चालू लागले. मनात ते एकच घोकत होते. 'बाळ, मी चुकलो.' जन्मात हे कोणाला म्हटलं नव्हतं, आणि आज ते म्हणायला जीव तुटत होता.

दिवस बुडता बुडता सपाटी लागली.

"हाच तळ."

"केशरी तंबू?"

"पलीकडच्या अंगाला. मध्ये ओढा आहे, अंधारात ओलांडायचा नाही. पहाटे बघू."

"बाळ! मी आलोय गं!" साहेबांनी धुक्यात हाक मारली. ओ आली नाही. जवळच कुठेतरी पत्रा फडफडला.

"इथेही शेड आहे?"

"आहे की," तंबूचा खुंटा ठोकत बाई म्हणाली.

टोपी उशाशी घेऊन साहेब जे पडले, ते उजाडल्यावरच उठले. घाईघाईने त्यांनी तंबूची चेन ओढली. धुकं पार गेलं होतं.

समोर पत्र्याची शेड होती. शेडपाशी त्यांची गाडी उभी होती, काचांवर दव.

साहेबांनी मान वर केली. खूप उंचावर, माथ्याजवळ, एक केशरी ठिपका होता. बघता बघता तो चपटा झाला आणि मिटला.

"बाई!" ते ओरडले. त्यांचा आवाज फाटला. "वर न्या मला! पाया पडतो, आत्ताच्या आत्ता वर न्या!"

बाई दगडावर बसून चहा गाळत होती. हातमोजे बाजूला काढून ठेवले होते. तिने कप त्यांच्याकडे सरकवला. करंगळी वाकडी होती.

मान वर न करता ती म्हणाली, "उद्या या."