आईची कॉलर

"आईच्या कोटाची कॉलर कापलीस?" रेइनोचा आवाज चढला, आणि आपण हरणांच्या वाटेवर दबा धरून बसलोय हे आठवताच त्याने जीभ चावली.

कापडी आडोशात दोघं भावंडं गुडघ्याला गुडघा लावून स्टुलांवर बसली होती. बहिणीच्या, लेम्पीच्या, मांडीवर धनुष्य, आणि त्याच्या दोरीवर दोन्ही टोकांपासून दीड-दीड वीत अंतरावर तपकिरी फरचे दोन गोंडे. बीव्हरची फर. चाळीस वर्षं दर रविवारी आई हीच गळ्याशी घेऊन चर्चला जायची.

"धनुष्याला मिशा फुटल्यात नुसत्या," रेइनो कुजबुजला. "अगं, आवाज मारायला दुकानात रबराचे गोंडे मिळतात की."

"मागच्या वर्षी तेच होते."

मागच्या वर्षी थंडीने रबर कडक झालं होतं. दोरी टणकन वाजली, बाणाआधी आवाज पोचला, हरण झटक्यात खाली दबलं आणि बाण वर पाठीत लागला. दोन दिवस दोघांनी रक्ताचे थेंब हुडकत दलदल पालथी घातली. जनावर काही मिळालं नाही. पुन्हा असं झालं तर धनुष्य कायमचं खाली ठेवीन, असं लेम्पीने सांगून टाकलं होतं. आणि ही बाई एकदा बोलली की बोलली.

"मग लोकर बांधायचीस."

"लोकर पाणी पिते. बीव्हर जन्मभर पाण्यात राहून कोरडा असतो. आता गप बस बघू."

ऊन कलताना हरणाची मादी आली. सुपीरियर सरोवरावरून येणारा वारा पडला होता, पान हललं तरी ऐकू येत होतं. जुन्या बागेतल्या सफरचंदाच्या झाडाखाली, पंधरा पावलांवर, ती आडवी उभी राहिली. पडलेलं एक फळ उचलून कुरुम कुरुम चावू लागली.

लेम्पीने धनुष्य उचललं. रेइनोने डोळे घट्ट मिटले. पन्नास वर्षं शिकार केलेला गडी, पण मागच्या वर्षीचं ते दबणं त्याला पुन्हा बघायचं नव्हतं. तो कान देऊन बसला.

कुरुम. कुरुम.

"सोड ना बये," न राहवून तो पुटपुटला. "कसली वाट बघतेस?"

"सोडला."

त्याने डोळे उघडले. मादी तिथेच उभी. तोंड चालूच.

"हुकला?"

लेम्पीने नाही अशी मान हलवली आणि बोट दाखवलं. मादीतून आरपार जाऊन पलीकडे गवतात बाण रुतला होता, पिसांपर्यंत लाल.

मादीने एकदा मान वर करून इकडेतिकडे पाहिलं. मग पुढचे पाय दुमडून ती खाली बसली, दुपारी गाय सावलीत बसते तशी. डोकं हळूच गवतावर टेकलं. अर्धं सफरचंद तिच्या तोंडापाशी पडून होतं.

रेइनोने टोपी काढली.

"आई चर्चला कायम उशिरा यायची, आठवतं?" तो म्हणाला. "प्रार्थना चालू असायची. ती बाकावर येऊन बसायची, आणि शेजारच्याला पत्ता नसायचा."

लेम्पीने गोंड्यावरून बोट फिरवलं.

"आता मोठ्याने बोललास तरी चालेल," ती म्हणाली, तीही कुजबुजतच.