अरुंधतीदर्शन

आठल्ये गुरुजींनी मंगल कार्यालयाच्या गच्चीवर दुर्बीण मांडली आणि तिच्या पडद्यावर नेहमीप्रमाणे ‘अरुंधती’ असं लिहिलं. शहराच्या उजेडात ती नुसत्या डोळ्यांना दिसेनाशी झाली होती, म्हणून हल्ली नवरा-नवरीला ती दुर्बिणीतूनच दाखवत. नळी घरघरत कालच्याच जागी, सप्तर्षींकडे वळली, वसिष्ठापाशी थांबली आणि पडद्यावर अक्षरं उमटली: ‘या नावाचा तारा यादीत नाही.’

महिनाभर एकेक तारा विझत होता आणि दुर्बिणीची यादी रोज तिन्हीसांजेला आपोआप सुधारली जात होती. पण कालच्या लग्नात अरुंधती होती.

नवरीने, ऋताने, डोळा लावला. बराच वेळ ती तशीच वाकून होती.

“दिसली का गं?” सासूबाईंनी विचारलं.

“दिसली,” ऋता म्हणाली आणि तिने नवऱ्याचा हात घट्ट धरला.

ज्याला अरुंधती दिसत नाही तो सहा महिन्यांत जातो, हे सगळ्यांनीच लहानपणापासून ऐकलेलं. नवरा वाकला, करवली वाकली, मामा वाकले. प्रत्येक जण जरा जास्तच वेळ थांबला आणि “दिसली” म्हणून खाली मान घालून बाजूला झाला.

“गुरुजी, आता तुम्ही बघा,” मामा हळूच म्हणाले.

गुरुजींनी डोळा लावला. वसिष्ठाशेजारी नुसता काळोख होता. ते पाहत असतानाच वसिष्ठही विझला. मागे सगळं वऱ्हाड श्वास रोखून उभं होतं.

“दिसली,” गुरुजी म्हणाले आणि त्यांनी पडद्यावर उपरणं टाकलं.